जुनी निक्कॉर लेन्स बॉडीवर चढवण्याआधी: नॉन-एआय, एआय की एआय-एस, हे ओळखायचं कसं

निकॉनचं एफ माउंट (लेन्स बॉडीला जोडणारं कडं) १९५९ पासून बदललेलं नाही, त्यामुळे कुठलीही जुनी निक्कॉर (निकॉनची लेन्स) कुठल्याही निकॉन एसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) बसते, असं दुकानदार सांगतो, मामा सांगतात आणि इंटरनेटवरही तेच लिहिलेलं सापडतं. हे अर्धंच खरं आहे. लेन्सची पाती बॉडीच्या खाचेत शिरतात हे खरं, पण लेन्स फिरवताना ॲपर्चर रिंगची (उजेड आत सोडणारं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या कड्याची) मागची कडा बॉडीवरच्या एका नाजूक खिटीवर चढू शकते. खिटी वाकली किंवा मोडली की दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीपेक्षा जास्त होतो. यात लेन्सचा दोष नसतो आणि बॉडीचाही नसतो. दोघांची जोडी तपासल्याशिवाय लावलेली असते, एवढंच. नॉन-एआय, एआय आणि एआय-एस ही लेन्सच्या मागच्या यंत्रणेच्या तीन पिढ्यांची नावं. एआय म्हणजे ‘ऑटोमॅटिक इंडेक्सिंग’, रिंग कुठे आहे ते बॉडीला आपोआप कळवणं.

बहुतेक जण आधी पुढच्या कड्यावरचं नाव वाचतात, मग सिरियल नंबरावरून साल शोधतात आणि लेन्सची मागची बाजू सगळ्यात शेवटी बघतात. हा क्रम उलटा करायचा आहे. आधी बॉडी, मग लेन्सची मागची बाजू, मग काच, आणि नाव शेवटी. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत, ते मागेपुढे करू नका.

तयारी

टेबलावर फिकट रंगाचं, धागे न सुटणारं कापड अंथरा. हवा मारायचा रबरी फुगा, मोबाइलचा टॉर्च, एखादं भिंग आणि बॉडीचं माहितीपुस्तक जवळ ठेवा. पुस्तक हरवलं असेल तर निकॉनच्या संकेतस्थळावरून त्याची पीडीएफ मिळते. स्क्रूड्रायव्हर मात्र बाहेर काढूच नका. जपानी लेन्सच्या स्क्रूंची खाच आपल्या नेहमीच्या फिलिप्स टोकाशी नीट जुळत नाही, आणि एकदा डोकं घासलं गेलं की पुढचा कारागीरही हात लावायला कचरतो.

लेन्स बाहेरून विकत घेत असाल तर विक्रेत्याकडे तीन फोटो मागा: मागून सरळ घेतलेला, ॲपर्चर रिंग कडेने दिसेल असा, आणि रिंगवरचे सगळे आकडे वाचता येतील असा. पुढच्या काचेचा चकचकीत फोटो सगळेच पाठवतात, पण आवृत्ती ठरवायला तो उपयोगाचा नाही.

टप्पा १: आधी तुमची बॉडी ओळखा

बॉडीची टोपी काढा आणि माउंटच्या बाहेरच्या कडेने बघा. काही बॉडींवर धातूच्या कड्याला लागून एक बारीक खिटी असते. ती स्प्रिंगवर फिरते, आणि बोटाने हलकेच ढकलून सोडली की परत जागेवर येते. १९७७ मध्ये आलेल्या एआय पद्धतीची ही खूण. लेन्सची रिंग पूर्ण उघड्या ॲपर्चरपासून किती स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा होतो) फिरली आहे, ते या खिटीवरून बॉडीला कळतं.

या हिशेबाने बॉडींचे पाच गट पडतात.

*खिटी आहे आणि ती दुमडत नाही.* एफएम२, एफई२, एफए, एफएम३ए, एफएम१० या फिल्म बॉडी, एफ५ आणि एफ१००, तसंच डी२००, डी३००, डी७००, डी७०००, डी७१००, डी७२००, डी६००, डी७५०, डी८००, डी८१०, डी८५० या डिजिटल बॉडी. यांवर नॉन-एआय लेन्स अजिबात लावायची नाही. आपल्याकडे घरोघरी आणि स्टुडिओंत एफएम२ आणि एफएम१० भरपूर सापडतात. जुनी बॉडी म्हणजे जुनी लेन्स चालणारच, असं धरून नेमका इथेच घात होतो.

*खिटी आहे, पण दुमडते.* एफएम, एफई, एफ३, एफ४, आणि डिजिटलमध्ये २०१३ ची डीएफ. खिटी वर करून नॉन-एआय लावता येते. एफएम आणि एफएम२ यांच्यात नावापुरता एका आकड्याचा फरक दिसतो, पण या बाबतीत त्या दोन वेगळ्याच जाती आहेत.

*खिटी नाही, पण नॉन-एआयसाठी धोका आहे.* डी५०, डी७०, डी८०, डी९०. यांच्या माउंटपाशी ॲपर्चर रिंग सगळ्यात लहान ॲपर्चरवर, म्हणजे सगळ्यात मोठ्या आकड्यावर, आहे की नाही हे ओळखणारा वेगळा स्विच असतो, आणि नॉन-एआय रिंगची कडा त्याला अडू शकते. एआय लेन्स बसते, पण मीटर (उजेड मोजणारी यंत्रणा) चालत नाही.

*खिटी नाही आणि नॉन-एआय बसते.* डी४०, डी४०एक्स, डी६०, तसंच डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या बॉडी. गंमत म्हणजे सगळ्यात स्वस्त बॉडीच इथे सगळ्यात सहनशील निघतात. मीटर मात्र कुठल्याच जुन्या मॅन्युअल लेन्सबरोबर चालत नाही.

*एआयच्या आधीच्या बॉडी.* जुनी एफ, निक्कॉरमॅट एफटीएन, एफटी२. यांना लेन्सवर ‘कान’ लागतात. कान म्हणजे काय, ते टप्पा ३ मध्ये.

> तपासणी: माहितीपुस्तकात ‘वापरता न येणाऱ्या लेन्स’ अशी यादी असते. तुमचं मॉडेल वर आलं नसेल तर ती यादी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘माझ्या मित्राच्या बॉडीवर बसली’ हा पुरावा धरायचा नाही.

टप्पा २: ॲपर्चर रिंगची मागची कडा

अख्ख्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. लेन्स आडवी धरा, डोळ्यांच्या पातळीवर आणा आणि ॲपर्चर रिंगची बॉडीकडची कडा बघत लेन्स हळूहळू पूर्ण फिरवा.

नॉन-एआय लेन्सची कडा सगळीकडे सारख्या उंचीची असते, अखंड गोल. एआय आणि एआय-एस लेन्सवर या कडेचा बराच भाग कापून खाली घेतलेला असतो आणि थोडा भाग उंच राहिलेला असतो. उंच भाग जिथे संपतो तिथे सरळ पायरी दिसते. हीच पायरी बॉडीच्या खिटीला ढकलते. पायरी नसेल तर आख्खी कडाच खिटीवर चढते.

पायरी दिसली तर लेन्स एआय, एआय-एस, किंवा मागाहून एआय केलेली आहे. नाही दिसली तर नॉन-एआय. मग कड्यावर काहीही कोरलेलं असो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती १९७४ ते १९७७ दरम्यानच्या लेन्समध्ये. संग्राहक त्यांना ‘के’ म्हणतात. फोकस रिंगवर रबराची चौकटी पकड, काळा आधुनिक साज, मल्टिकोटिंग (चकाकी कमी करणारे काचेवरचे थर). दिसायला हुबेहूब एआय, पण कडा अखंड असते. धातूच्या नक्षीची पकड म्हणजे जुनी आणि रबर म्हणजे एआय, ही ओळख इथे साफ फसते.

टप्पा ३: कान आणि आकड्यांच्या ओळी

ॲपर्चर रिंगवर ५.६ च्या आकड्यापाशी धातूचा दोन शिंगांचा तुकडा बसवलेला असतो. इंग्रजीत त्याला सशाचे कान म्हणतात, मी नुसतं कान म्हणतो. जुन्या बॉडींचं मीटर या कानांत अडकणाऱ्या पिनेवर चालायचं.

नॉन-एआयचे कान भरीव असतात. एआय आणि एआय-एसच्या कानांत दोन खिडक्या कापलेल्या असतात, म्हणजे मागच्या बारीक आकड्यांवर उजेड पडावा. हे बारीक आकडे म्हणजे रिंगच्या अगदी मागच्या कडेवरची दुसरी ओळ. एफएम२ सारख्या बॉडीत व्ह्यूफाइंडरमध्ये वरच्या बाजूला छोटी खिडकी असते, तिच्यातून ही ओळ थेट वाचता येते.

थोडक्यात, आकड्यांची एक ओळ आणि भरीव कान म्हणजे बहुधा नॉन-एआय. दोन ओळी आणि खिडक्यांचे कान म्हणजे एआय किंवा त्यानंतरची. ‘बहुधा’ असं म्हटलं, कारण कान स्क्रूने बसवलेले असतात. ते कुणी काढलेले असू शकतात किंवा दुसऱ्या लेन्सचे लावलेले असू शकतात. शेवटचा निर्णय नेहमी टप्पा २ मधल्या कडेचाच.

सीरीज ई लेन्सना कान मुळातच नसतात. १९७९ पासूनची ही स्वस्त मालिका. तिच्यावर निक्कॉर न लिहिता ‘निकॉन लेन्स सीरीज ई’ असं लिहिलेलं असतं. मागची बाजू एआय-एस जातीची असल्याने डी७०० किंवा एफएम२ वर ती बिनधास्त लावा. निक्कॉरमॅट एफटी२ वर मात्र तिच्याबरोबर मीटर चालणार नाही, कारण पिनेला धरायला काहीच नाही.

> इशारा: रिंगची कडा कापलेली आहे, पण कापलेल्या जागी काळा लेप नाही, उघडं ॲल्युमिनियम चमकतंय, कानशीचे ओरखडे दिसतायत आणि आकड्यांची ओळ एकच आहे? मग ही घरी कापून एआय केलेली लेन्स आहे. कापणं वाईटच असं नाही. निकॉन स्वतः पूर्ण नवी रिंग बसवून असा बदल करून द्यायची, आणि तशा लेन्सवर दोन्ही ओळी असतात. घरी कापलेल्या लेन्समध्ये मात्र दोन गोष्टी बघायलाच हव्यात: आत धातूचा कीस पडला आहे का (टप्पा ६), आणि पायरी योग्य जागी आली आहे का (टप्पा ८).

टप्पा ४: एआय की एआय-एस

आधी स्वतःला विचारा, मला याची गरज आहे का? बॉडी डिजिटल असेल तर नाही. डी७०० किंवा डी७२०० ला एआय आणि एआय-एस यांत काही फरक पडत नाही. तरी विक्रेते ‘एस’ या एका अक्षराचे जास्तीचे पैसे मागतात आणि लोक देतात.

एआय-एस मध्ये आतला दांडा ॲपर्चर ठरलेल्या समान प्रमाणात बंद करतो, म्हणजे बॉडीला स्वतः ॲपर्चर निवडणं जमतं. १९८३ ची एफए, एफ-३०१, एफ-५०१ अशा बॉडींवर प्रोग्राम मोड वापरायचा असेल तर या फरकाला अर्थ आहे.

ओळखायचं दोन खुणांवरून. सगळ्यात लहान ॲपर्चरचा आकडा, म्हणजे २२ किंवा १६, दोन्ही ओळींत नारिंगी असतो. आणि मागच्या चकचकीत धातूच्या कड्यावर एका जागी उथळ, चंद्रकोरीसारखी खोबण कोरलेली असते. दोन्ही खुणा असतील तरच एआय-एस म्हणा. एकट्या रंगावर जाऊ नका, कारण जुन्या लेन्सवर डेप्थ ऑफ फील्डच्या (किती अंतरापर्यंत स्पष्ट येईल ते दाखवणाऱ्या) रेषांशी जुळावेत म्हणून आकडे रंगवायची पद्धत होती. शिवाय पन्नास वर्षांत रंग उडतो, आणि कुणी नव्याने भरलेलाही असतो. खोबण मात्र खोटी करणं अवघड.

टप्पा ५: एकच आकडे, पण काच वेगळी

आतापर्यंत लेन्स बसेल का ते ठरवलं. फोटो कसा येईल हा वेगळा प्रश्न. नॉन-एआय, एआय, एआय-एस ही मागच्या यंत्रणेची नावं आहेत, काचेच्या रचनेची नाहीत. कधी यंत्रणा बदलली तरी काच तीच राहिली, कधी दोन्ही बदललं. म्हणून ‘एआय-एस म्हणजे जास्त शार्प’ या वाक्याला अर्थ नाही. लेन्सगणिक बघावं लागतं. आपल्याकडे वारंवार विक्रीला दिसणाऱ्या काहींचं सांगतो.

*२८ मिमी एफ/२.८.* इथे फरक खरोखर मोठा आहे. एआय-एस मध्ये आठ काचा आहेत आणि जवळच्या फोकससाठी आतल्या काचांचं अंतर बदलणारी रचना आहे. एआय मध्ये सात काचा, आणि सीरीज ई मध्ये पाच. ओळखायला कुठलीही यादी नको, फोकस रिंगवरचा सगळ्यात जवळचा आकडा वाचा. ०.२ मीटर असेल तर एआय-एस, ०.३ मीटर असेल तर एआय किंवा सीरीज ई. जाहिरातीत एआय-एस लिहिलंय आणि फोटोत स्केल ०.३ वर संपतंय, तर विक्रेत्याचा गैरसमज आहे किंवा तुमचा व्हावा अशी त्याची इच्छा आहे. रुंद लेन्सने जवळून फोटो काढायची आवड असेल तर हीच शोधा. मी स्वतः या मालिकेतली दुसरी कुठलीही २८ घेणार नाही.

*५० मिमी एफ/१.८, चपटी.* एकाच आकाराच्या चपट्या एआय-एस दोन प्रकारच्या आहेत. जपानच्या बाजारासाठी बनलेली ०.४५ मीटरपर्यंत फोकस करते, निर्यातीची ०.६ मीटरपर्यंतच. पंधरा सेंटिमीटर म्हणजे किती, असं वाटेल, पण ताटातलं जेवण किंवा बाळाचा चेहरा टिपताना तेवढंच आड येतं. पुन्हा तेच: स्केलचं टोक वाचा.

*१०५ मिमी एफ/२.५.* पोर्ट्रेटसाठी गाजलेली. सुरुवातीची रचना सोन्नार जातीची होती आणि १९७१ च्या सुमारास ती बदलून गॉस जातीची झाली. एआय आणि एआय-एस सगळ्या गॉसच आहेत. नॉन-एआय मध्ये दोन्ही सापडतात. मागून बघा: सोन्नारची मागची काच लहान आणि खोल असते, गॉसची मोठी. जवळच्या अंतरावर नवी रचना सरस आहे. जुनी वाईट नाही, पण नवीच्या भावात घेऊ नका.

*५५ मिमी मायक्रो.* एफ/३.५ आणि एफ/२.८ दोन्ही वस्तूच्या निम्म्या आकारापर्यंत जातात. एफ/२.८ ची खोड अशी की फोकसचं ग्रीस कालांतराने पाझरून ॲपर्चरच्या पात्यांवर येतं आणि फोकस रिंग जड होते. ती घ्यायची तर टप्पा ६ दुप्पट काळजीने करा.

*४३-८६ मिमी झूम.* पहिली रचना नऊ काचांची, आणि कडांना मऊ म्हणून बदनाम. १९७० च्या दशकात ती बदलून अकरा काचांची केली. एआय आवृत्तीत नवी रचना आहे. नॉन-एआय स्वस्तात मिळाली म्हणून उचलू नका.

नॉन-एआयच्या नावातलं अक्षर काचांची संख्या सांगतं: टी म्हणजे तीन, क्यू चार, पी पाच, एच सहा, एस सात, ओ आठ, एन नऊ. पुढे टिंब देऊन ‘सी’ असेल तर मल्टिकोटिंग. म्हणून ‘निक्कॉर-पी’ आणि ‘निक्कॉर-पी.सी’ दिसायला सारख्या असल्या तरी दिव्याच्या उलट उजेडात वेगळ्या वागतात. आणि हो, नावातल्या ‘ऑटो’चा ऑटोफोकसशी काही संबंध नाही. शटर दाबताना ॲपर्चर आपोआप बंद होतं, एवढाच त्याचा अर्थ. ‘ऑटो लेन्स आहे साहेब’ असं ऐकून पैसे मोजलेले लोक अजूनही भेटतात.

> इशारा: २१ मिमी एफ/४ सारख्या काही जुन्या रुंद लेन्सचा मागचा भाग बॉडीत खोल शिरतो. आरसा वर अडकवून ठेवायची सोय असलेल्या बॉडीसाठीच त्या होत्या. मागची काच माउंटच्या कड्यापेक्षा बरीच बाहेर आलेली दिसली तर डीएसएलआरवर लावू नका, आरसा आपटेल.

टप्पा ६: पाती, काच आणि रिंगा

निक्कॉर बॉडीवरून काढली की ॲपर्चर रिंगवरच्या आकड्याला बंद होतं. याचा फायदा घ्या. रिंग १६ वर ठेवा. मागे एक छोटा दांडा आहे, तो बोटाने सरकवला की पाती पूर्ण उघडतात. सोडा. पाती खटकन बंद झाली पाहिजेत, डोळ्याला मधली अवस्था दिसता कामा नये. दहा-पंधरा वेळा करा. पहिल्यांदा झटकन आणि नंतर रेंगाळत, असं होत असेल तर पात्यांवर तेल आहे. अशी लेन्स उघड्या ॲपर्चरला छान फोटो देते आणि एफ/८ ला भडक उजळ. मग लोक मीटरला दोष देत बसतात.

आता दांडा सरकवून धरा आणि टॉर्च मागून मारा. उजेड थेट डोळ्यात न घेता थोडा तिरका ठेवा. धुळीचे चार-दोन कण सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे दिसले तर बुरशी. सगळीकडे सारखा धुरकट थर दिसला तर वाफाळलेलं ग्रीस. काचेच्या कडेला इंद्रधनुषी डाग असेल तर चिकटवलेल्या काचा सुटायला लागल्यात. पहिली दोन दुखणी चांगला कारागीर बहुतेकदा साफ करून देतो, तिसऱ्याच्या नादी लागू नका. मुंबई आणि कोकणपट्टीतून आलेल्या लेन्सला बुरशी असणारच, असं धरूनच बघायला बसा. फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा कुठल्याही दुकानात घेत असाल तर टॉर्च स्वतःचा न्या, दुकानाचा पिवळा दिवा सगळं झाकतो.

मग लेन्स कानापाशी धरून हलकेच हलवा. काही खुळखुळलं तर स्क्रू सुटलाय. मागच्या स्क्रूंची डोकी भिंगाखाली बघा. घासलेली असतील तर लेन्स कुणीतरी उघडली आहे. घरी कापलेल्या रिंगची लेन्स असेल तर मागच्या खाचांत चांदीसारखा कीस शोधा. फुग्याने हवा मारताना लेन्सचं मागचं तोंड खाली ठेवा, नाहीतर कीस आणखी आत जाईल.

फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्याच जडपणाने फिरली पाहिजे. मध्येच हलकी आणि मध्येच घट्ट लागत असेल तर ग्रीस वाळलंय किंवा लेन्स पडलेली आहे.

टप्पा ७: बॉडीवर चढवणं

बॉडी बंद करा. बॉडी दुमडणाऱ्या खिटीची आणि लेन्स नॉन-एआय असेल तर *आधी* खिटी वर करा, मग लेन्स जवळ आणा. लेन्स अर्धी फिरवल्यावर आठवून उपयोग नाही.

लेन्सवरचा ठिपका बॉडीवरच्या ठिपक्यासमोर आणा आणि समोरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. निकॉन इतरांच्या उलट फिरते. कॅननची सवय असलेले इथे जोर लावतात. पकडायचं ते लेन्सचं स्थिर अंग, ॲपर्चर रिंग नाही. ‘टिक’ आवाज येईपर्यंत हालचाल लोण्यासारखी मऊ हवी. कुठेही अडखळलं तर तिथेच थांबा, उलट फिरवून काढा आणि टप्पा २ पुन्हा करा. आणखी थोडा जोर लावून बघू, हा विचार मनात आला तरी हात मागे घ्या.

जुन्या एफवर किंवा निक्कॉरमॅट एफटीएनवर लावताना रिंग ५.६ वर ठेवायची. लेन्स बसली की ती सगळ्यात लहान ॲपर्चरपर्यंत नेऊन परत पूर्ण उघड्यापर्यंत आणायची. त्याशिवाय त्या बॉडीला लेन्सचं कमाल ॲपर्चर कळत नाही.

मिररलेस बॉडीवर साधा यांत्रिक अडॅप्टर वापरला तर खिटीचा प्रश्नच उरत नाही, नॉन-एआयसुद्धा निर्धास्त बसते. निकॉनच्या स्वतःच्या एफटीझेड अडॅप्टरवर मात्र एआय किंवा त्यानंतरचीच लावा.

टप्पा ८: बॉडीतल्या सेटिंग आणि मीटरची परीक्षा

डी३००, डी७००, डी७००० आणि तत्सम बॉडींत सेटअप मेन्यूमध्ये ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’ (चिप नसलेल्या लेन्सची माहिती) असा पर्याय आहे. क्रमांक निवडा, फोकल लेंग्थ आणि कमाल ॲपर्चर भरा, जतन करा. मोड ए (ॲपर्चर तुम्ही निवडता, शटर बॉडी) किंवा एम (दोन्ही तुम्ही). ॲपर्चर आता बॉडीच्या चक्राने नाही, लेन्सच्या रिंगने बदलायचं.

एएफ-डी (रिंग असलेल्या ऑटोफोकस) लेन्सवाल्यांची सवय इथे आड येते. त्या लेन्सवर रिंग २२ वर कुलूप लावून ठेवतात. मॅन्युअल लेन्सवर रिंग २२ वर ठेवली तर फोटो खरोखर एफ/२२ ला निघतो, आणि मग ‘जुनी लेन्स अंधारी आहे’ अशी तक्रार येते.

डी३००० आणि डी५००० मालिकांत एमशिवाय दुसऱ्या मोडमध्ये शटरच दाबलं जात नाही आणि ॲपर्चरच्या जागी ‘एफ--’ दिसतं. बॉडी बिघडलेली नाही. एम लावा, अंदाजाने शटर ठेवा, फोटो काढा आणि हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघून दुरुस्त करा. फोकस जुळल्याचा हिरवा ठिपका एफ/५.६ किंवा त्याहून उजळ लेन्सबरोबर दिसतो. त्याआधी व्ह्यूफाइंडरचं डायॉप्टर (नजरेचा नंबर जुळवायची सोय) आपल्या डोळ्याला लावून घ्या, चष्मेवाल्यांनी तर नक्कीच.

मीटर चालणाऱ्या बॉडीवर ही परीक्षा घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर एकसारख्या उजेडातली साधी भिंत, मोड ए.

पहिली गोष्ट: रिंगवरचा आकडा आणि बॉडीच्या पडद्यावरचा आकडा जुळतो का? कमाल ॲपर्चर बरोबर भरलं असेल आणि तरी पडद्यावर सगळीकडे एक स्टॉप फरक दिसत असेल, तर पायरी चुकीच्या जागी कापलेली आहे. घरी एआय केलेली लेन्स इथेच उघडी पडते. ती फेकायची गरज नाही. फरक सगळीकडे सारखा असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने भरून काढता येतो.

दुसरी: पूर्ण उघड्यापासून एफ/१६ पर्यंत एकेक स्टॉप बदलत फोटो काढा आणि हिस्टोग्राम शेजारी शेजारी ठेवा. सगळे जवळपास सारखे हवेत. ॲपर्चर लहान होत जाईल तसा फोटो उजळत गेला, तर टप्पा ६ मध्ये तुम्ही पाती घाईत तपासली.

तिसरी: दूरचा मोबाइल टॉवर किंवा डोंगराची कडा उघड्या ॲपर्चरला फोकस करा. रिंग अनंताच्या खुणेला टेकूनही कडा मऊ राहत असेल तर लेन्स उघडून चुकीची जोडलेली आहे. अडॅप्टरवर मात्र फोकस अनंताच्या थोडा आधीच जुळतो. बहुतेक अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवलेले असतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

बॉडीत सेन्सर हलवणारं स्थिरीकरण असेल तर लेन्स बदलल्यावर फोकल लेंग्थही बदला. १०५ चा आकडा तसाच राहिला आणि वर २८ चढवली, तर बॉडी गरजेपेक्षा जास्त हलते आणि फोटो स्थिर व्हायच्या ऐवजी पुसट येतो. लेन्सच्या मागच्या टोपीवर रंगीत टेपने त्या लेन्सचा मेन्यूतला क्रमांक लिहून ठेवा. टेप लावताना सोबत एक खूणही करा: नॉन-एआयच्या टोपीवर लाल, बाकीच्यांना नको. घरातलं दुसरं कुणी तुमची बॅग उघडून लेन्स लावायला गेलं, तर टोपी काढतानाच लाल टेप त्याच्या हाताला लागेल.